पट्ट्याचा झोळ

माणसाला एखादा तरी छंद असावा, असा उपदेश करणारी मंडळी खऱ्याखुऱ्या छंदिष्टाच्या घरी कधी राहिलेली नसतात. आमच्याकडे येऊन पाहावे. दिवाणखान्यातल्या ज्या काचेच्या कपाटात इतरांच्या घरी चांदीचे पेले आणि मुलांनी मिळवलेल्या ढाली मांडलेल्या असतात, तिथे आमच्या घरी एकेचाळीस रणगाडे ओळीने उभे आहेत. प्रत्येकाची लांबी जेमतेम वीतभर. पण घरात माणसे दोन आणि रणगाडे एकेचाळीस, हा हिशोब आमच्या सौभाग्यवती पाहुण्यांसमोर मांडतात तेव्हा पाहुणे माझ्याकडे जरा काळजीने पाहू लागतात. "आणि धूळसुद्धा पुसू देत नाहीत हो!" ही पुढची तक्रार. ती मात्र खरी आहे. कारण त्या रणगाड्यांवरची निम्मी धूळ मी स्वतः बारीक कुंचल्याने, दोन-दोन रात्री जागून रंगवलेली असते.

या वेडाचे मूळ दिवाळीतच आहे. लहानपणी पुण्याच्या वाड्यात आम्ही मुले किल्ला करीत असू. दगड, विटा, त्यांवर भिजवलेले तरट, तरटावर चिखल, आणि चिखलात अळीव नि मोहरी पेरून उगवलेली हिरवळ. शिखरावर महाराजांचे सिंहासन आणि उतरणीवर कुंभाराकडून आणलेले मावळे. सगळे काही झकास. मला सलत असे ती एकच गोष्ट. मावळा महादरवाज्यापेक्षा चांगला चार बोटे उंच असे. या दरवाज्यातून हा गडी आत जाणार कसा, असा माझा प्रश्न. बाकीची मुले हसत. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा असलेला दादा गुडघाभर चिखलात उभा राहून म्हणे, "मावळे मोठेच असतात रे!" आणि कामाला लागे. माझे समाधान काही होत नसे. माणूस आणि दरवाजा यांचे माप जुळले पाहिजे, हा किडा डोक्यात शिरला तो तेव्हापासून.

पुढे बँकेत चिकटलो, चार पैसे हाती आले आणि प्लास्टिकच्या सुट्या भागांतून रणगाडे जोडण्याचा नाद लागला. ही दुनिया मापाची. बहुतेक छोटे रणगाडे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाने केलेले असतात. पस्तीस हाच आकडा का, तर त्याची कथा मोठी गमतीची आहे. जपानमधल्या शिझुओका शहरी तामिया नावाची कंपनी आहे. तिने १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मन पँथर रणगाड्याची मोटारीवर चालणारी छोटी प्रतिकृती काढली. तिच्या पोटात बॅटरीचे दोन सेल मावले पाहिजेत, म्हणून जो आकार ठरला तो खऱ्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाचा निघाला. पुढे साऱ्या जगाने तेच माप उचलले. म्हणजे माझ्यासारखे हजारो गृहस्थ ज्या मापासाठी डोळे फोडून घेतात, ते माप दोन सेलांनी ठरवलेले! पण एकदा ठरले ते ठरले.

आता दादाविषयी सांगितले पाहिजे. दादा सैन्यात होता. लढवय्या सवार नव्हे; सैन्याच्या यांत्रिकी खात्यातला कारागीर. रणगाड्यांच्या एका रेजिमेंटबरोबर त्याची नेमणूक असे आणि सेंच्युरियन हा पन्नास टनांचा इंग्रजी रणगाडा दुरुस्त करणे हे त्याचे काम. हवालदार होऊन तो निवृत्त झाला आणि नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, घर बांधून राहिला. १९७१ च्या लढाईत तो शकरगडच्या बाजूला होता, एवढे आम्हां सर्वांना ठाऊक. त्यापलीकडे त्याने कधी काही सांगितले नाही आणि विचारण्याची कुणाची छाती झाली नाही.

माझे रणगाडे त्याने कधी पाहिले नाहीत. पुण्याला आला की कपाटाकडे पाठ करून बसे आणि वहिनींच्या गुडघ्यांविषयी बोले. मला ते लागत असे. मी मनाशी म्हणे, बरोबर आहे. ज्याने खरे पोलाद हाताळले त्याने आपल्या प्लास्टिकच्या खेळाकडे काय म्हणून पाहावे? तो थंडीत सरहद्दीवर होता तेव्हा मी शाळेत भूगोलाचे नकाशे रंगवीत होतो, आणि म्हाताराही झालो तो रंगवता रंगवताच. हे शल्य कुणाला बोलून दाखवण्याजोगे नव्हते. मी आपला एकामागून एक रणगाडे जोडीत राहिलो. पण सेंच्युरियनला मात्र कित्येक वर्षे हात लावला नाही.

दोन वर्षांपूर्वी तो धीर केला. सेंच्युरियनचा संच आणला, वर्षभर खपून पुरा केला आणि गेल्या दिवाळीत फराळाच्या डब्यांबरोबर एका खोक्यात कापूस घालून नगरला नेला. भाऊबीजेच्या दुपारी सगळी पेंगत असताना दादाच्या पुढ्यात ठेवला. या वेळी पाठ फिरवायला जागा नव्हती. दादाने चष्मा लावला. तोफेकडे पाहिले नाही, बुरुजाकडे पाहिले नाही. बाजूच्या पत्र्याखालून आंगठा आत घातला आणि पट्टा दाबून पाहिला.

"झोळ नाही," तो म्हणाला.

"काय?"

"ट्रॅकला झोळ नाही. तबल्याच्या वादीसारखा ताणलाय. ही गाडी कधी चाललेलीच नाही." आणि चष्मा काढून तो आत जाऊन झोपला.

वर्षभराची मेहनत तीन वाक्यांत निकालात निघाली. राग आला, पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ध्यानात आले की, इतक्या वर्षांत दादा माझ्या रणगाड्याविषयी पहिल्यांदाच काही बोलला होता.

रणगाड्याचा पट्टा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. पट्टा म्हणजे पोलादी कड्यांची माळ. एका कडीत दुसरी अडकवून मधून खिळा घातलेला. मागचे दातेरी चाक ती माळ ओढते, पुढचे मोकळे चाक ती वळवते आणि मधली चाके तिच्यावरून धावतात. म्हणजे रणगाडा स्वतःच आपल्यापुढे सडक अंथरतो आणि मागून गुंडाळून घेतो. ही माळ फार ताणली तर खिळे झिजतात आणि चाकांवर जोर येतो. फार सैल ठेवली तर वळताना चाकावरून उतरते. म्हणून तिला बेताचा झोळ लागतो. चालून चालून खिळे नि भोके झिजली की माळ लांबते. मग पुढचे चाक सरकवून ती ताणायची, आणि तेही पुरेनासे झाले की एक कडी काढून टाकायची. लढाईच्या बातम्यांत तोफेचे नाव येते. पण तोफ कितीही मोठी असली तरी तिला जागेवर नेतो तो पट्टा. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबातल्या असल उत्तरला आपल्या लोकांनी शेते पाण्याखाली घातली आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले. तोफा शाबूत होत्या, पायच चालेनात.

नगरहून परतलो तो बदली पट्ट्याच्या शोधाला लागलो. आणि मग कळले, की मुलीला स्थळ पाहणे यापेक्षा सोपे!

जुन्या संचांत जो पट्टा येतो तो मऊ प्लास्टिकची एक अखंड पट्टी असते. दोन टोके एकमेकांवर ठेवायची आणि तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने डागायची. पाच मिनिटांचे काम. पण वजन म्हणून नाही. म्हणून झोळ नाही. वरच्या चाकांना खाली चिकटवून खोटा झोळ आणावा लागतो. शिवाय या मऊ प्लास्टिकातली द्रव्ये कालांतराने पाझरून शेजारच्या कडक प्लास्टिकची चाके खाऊ लागतात. माझ्या कपाटातल्या एका जुन्या रणगाड्याची चाके अशीच विरघळून पट्ट्यात रुतली आहेत.

दुसरा प्रकार कडक प्लास्टिकच्या तुकड्यांचा. सरळ भागासाठी लांब पट्ट्या आणि वळणावर सुट्या कड्या. झोळ असतो, पण कारखान्याने ठरवून दिलेला. तयार फेटा डोक्यावर ठेवावा तसा.

तिसरा प्रकार सगळ्याच कड्या सुट्या असण्याचा. रशियन टी-३४ रणगाड्याला एका बाजूला ७२ कड्या, अमेरिकन शर्मनला ७९, आणि सेंच्युरियनला तर शंभराच्याही वर. दोन्ही बाजू धरल्या तर दोनशेहून अधिक कड्या साच्याच्या चौकटीतून तोडायच्या आणि प्रत्येकीची खूण कानशीने घासायची. मग त्या ओळीने चिकटवून, डिंक ओला आहे तोवर ती माळ चाकांभोवती गुंडाळायची. मी पस्तीस कड्या घासल्या आणि थांबलो. सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढे मटार सोलले असते तर वर्षाची भाजी झाली असती."

चौथा प्रकार अलीकडचा. संगणकाच्या आज्ञेवरून थरावर थर चढवून छापलेल्या कड्यांचा. नक्षी अशी बारीक, की भिंगातून पाहताना जीव हरखतो. पण खिळे दाबून बसवताना दहांतला एक तुटतो आणि छंदिष्टाचा पारा चढतो.

पाचवा प्रकार धातूचा. शिसवी रंगाच्या मऊ धातूत ओतलेल्या कड्या आणि मधून घालायची बारीक तार. हंगेरीतले फ्रिउलमॉडेलचे पट्टे यात नावाजलेले. प्रत्येक कडीचे भोक अर्ध्या मिलिमीटरच्या गिरमिटाने मोकळे करायचे, तार ओवायची, टोक कापायचे. मग सगळी माळ रसायनात बुडवून काळी करायची. किंमत अशी, की तेवढ्यात दुसरा अख्खा रणगाडा यावा. पण हा पट्टा वजनदार असतो. चाकांवर ठेवला की आपल्याच भाराने खाली येतो आणि जिथे जेवढा झोळ पडायचा तिथे तेवढाच पडतो. तो कुणी चिकटवावा लागत नाही.

माझे मन धातूकडे ओढत होते. पण बँकेत जन्म काढलेला माणूस, खर्चाला पळवाट शोधणारच. ती सापडलीही. सेंच्युरियनच्या दोन्ही बाजूंना पोलादी पत्र्याचे पडदे असतात. त्यांच्याआड पट्ट्याचा वरचा भाग झाकूनच जातो. मग जो दिसत नाही त्या झोळावर पैसे कशाला घालायचे? हा बिनतोड युक्तिवाद मी फोनवरून दादाला ऐकवला.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग दादा म्हणाला, "त्या पत्र्याच्या आत चिखल भरतो. तो खरवडायला आत हात कोण घालत होतं? तुला दिसत नसेल. मला दिसतो."

मी धातूचे पट्टे मागवले.

पार्सल आले तेव्हा दसरा जवळ आला होता. खोके तसेच न उघडता नगरला घेऊन गेलो. दादा मला आधी रणगाड्यांच्या संग्रहालयात घेऊन गेला. १९९४ साली उघडलेले हे संग्रहालय त्याच्या घरापासून लांब नाही. पण तो तिथे फारसा जात नाही, असे वहिनी म्हणाल्या. झाडांखाली नाना देशांचे रणगाडे उभे आहेत. एरवी मी तोफा पाहत हिंडलो असतो. दादाने मला गुडघ्यावर बसवून नुसते पट्टे दाखवले. कुणाचे नुसत्या पोलादाचे, कुणाचे रबरी ठोकळ्यांचे. कुठल्या कडीचा खिळा बाहेर आला आहे, कुठली कडी मागाहून घातलेली आहे, हे तो बोटाने दाखवीत गेला. "जुन्या ट्रॅकात कडी घालायची तर जुनीच घालावी," तो म्हणाला. "नवी कडी आखूड असते, बाकीच्या झिजून लांबलेल्या. तिचं बाकीच्यांशी जमत नाही."

परत येताना मी अरुण खेत्रपालांचा विषय काढला. पुण्यात जन्मलेला हा एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेंच्युरियन रणगाड्यातच पडला आणि मरणोत्तर परमवीरचक्राचा मानकरी झाला. त्याचा 'फामागुस्ता' नावाचा रणगाडा नगरलाच आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जतन करून ठेवलेला आहे. मला वाटले, या निमित्ताने दादा काही बोलेल. तो नुसता "हं" म्हणाला.

खंडेनवमीला दादाने आपले जुने पाने आणि घण पाटावर मांडले. माझे गिरमिट नि चिमटा मी त्यांच्या शेजारी ठेवला. हत्तीजवळ उंदीर ठेवावा तसे ते दिसत होते. पण वहिनींनी दोघांनाही सारखेच हळदकुंकू वाहिले. पूजा झाल्यावर ओसरीवर पंचा अंथरून आम्ही दोघे भाऊ बसलो. मी भोके पाडायची, दादाने तार ओवायची. त्याचा हात आता थोडा थरथरतो. पण कडी चिमटीत आली की थरथर थांबे. एक कडी लांबीला चार मिलिमीटर नि रुंदीला सतरा. तिसऱ्या प्रहरापर्यंत एक माळ झाली आणि दिवेलागणीला दुसरी. पंचावर दोन कड्या उरल्या. संचात जास्तीच्या देतातच.

दादाने त्या तळहातावर घेतल्या आणि बराच वेळ तशाच धरल्या.

"दोनच कमी पडल्या होत्या," तो म्हणाला.

मी काही विचारले नाही.

"आमची एक गाडी सुरुंगावर गेली. ट्रॅक तुटला. चार कड्यांचा चुरा. दोन जादाच्या गाडीवरच होत्या, दोन हव्या होत्या. आणि सकाळच्या आत गाडी पुढं जायला हवी होती. शंभर पावलांवर आमच्याच स्क्वॉड्रनची दुसरी गाडी उभी होती, गोळा लागलेली. तिचा ड्रायव्हर झुंझुनूकडचा. आदल्या संध्याकाळी एकाच मगातून चहा प्यायलो होतो. त्याला बाहेर काढून बाजूला ठेवला होता, अंगावर कांबळं घालून. त्याच्या गाडीच्या दोन कड्या मी काढल्या. तेवढ्याच झिजलेल्या होत्या, बरोबर बसल्या." दादा थांबला. "खिळा घणानं ठोकून काढावा लागतो. फार आवाज होतो. कुणी निजलं असलं की आदळआपट करू नये, हे आईनं शिकवलेलं. प्रत्येक घणाला मी त्या कांबळ्याकडे बघत होतो."

आत वहिनी आरतीची तयारी करीत होत्या. ताटाचा आवाज येत होता.

"मग ती गाडी?" मी विचारले.

"गेली ना. पुढं गेली. युद्धबंदी झाली १७ तारखेला, तेव्हासुद्धा चालत होती." आणि मग माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "तुझ्या कपाटात एवढ्या गाड्या. माझी नजर तोफेवर जातच नाही बघ. सारखी खालीच जाते, कड्या मोजायला. म्हणून पाठ करून बसतो. तुला राग येत असेल."

"नाही," मी म्हणालो. इतकी वर्षे मी जो राग मानला होता त्याचे काय करायचे, हे मला कळेना.

दादाने दोन कड्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या आणि पंचा झटकला.

दसऱ्याच्या सकाळी पट्टे चढवले. बाजूचे पत्रे मुद्दामच बसवले नाहीत. पट्टा वरच्या चाकांवर टेकला आणि चाकाचाकांमध्ये अलगद खाली आला. पावसात वाळत घातलेल्या दोरीसारखा, थकलेला आणि तरीही ताठ. दादाने आंगठ्याने दाबून पाहिले. एकदा, दोनदा.

"आता चालेल," तो म्हणाला. मला बँकेत बढतीचा कागद मिळाला होता तेव्हासुद्धा इतके बरे वाटले नव्हते.

तेवढ्यात दादाचा नातू आला. दिवाळीचा किल्ला कुठे करायचा, माती कुठून आणायची, याच्या मसलती त्याच्या डोक्यात आतापासूनच चालू होत्या. रणगाडा पाहताच, तो किल्ल्याच्या पायथ्याशी उभा राहणार, हे त्याने परस्पर जाहीर केले. मी घाईघाईने काहीतरी अडचण सांगणार, तोच दादा म्हणाला, "खुशाल ठेव." पोराने माळ्यावरून गेल्या वर्षीचा मातीचा मावळा आणला आणि कसा शोभतो ते पाहायला रणगाड्याशेजारी उभा केला. मावळा बुरुजाच्याही वर चांगला बोटभर निघाला. रणगाडा पस्तिसाव्या हिश्शाचा, आणि मावळा कुठल्या हिश्शाचा ते त्या कुंभारालाच ठाऊक. माझी साठ वर्षांची खोड उसळली. मी तोंड उघडले.

"राहू दे," दादा म्हणाला. त्याचा हात सदऱ्याच्या खिशावर होता. "मावळे मोठेच असतात."

या वेळी मी वाद घातला नाही.